बसवर नाव बेस्टचं, पण बस कोणाची?

चारकोपकर | सोमवार, रात्री १०:१५

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मुंबईतली माझी बेस्टची बस सुटायला अजून पाच-सात मिनिटं होती, म्हणून मी जाऊन पहिल्याच सीटवर बसले. चालकदादा पाणी पिऊन येत होते. त्यांना सहज विचारलं, "बेस्टमध्ये किती वर्षं झाली?" ते म्हणाले, "मी बेस्टमध्ये नाही ताई. बसवर नाव बेस्टचं, माझं कार्ड कंपनीचं. कंडक्टर तेवढे बेस्टचे." एवढं बोलून ते आपल्या जागेवर बसले. मी मात्र घरी पोहोचेपर्यंत त्याचाच विचार करत होते.

मला हा बदल माहीत नव्हता असं नाही. जून २०१९ मध्ये महापालिका, बेस्ट आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला आणि भाड्याच्या बस घ्यायचं ठरलं. यालाच सगळे 'वेट लीज' म्हणतात. बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची. मार्ग, वेळापत्रक आणि तिकिटाचा पैसा बेस्टचा. कंत्राटदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. त्याच जुलैत किमान भाडं ८ रुपयांवरून ५ वर आलं आणि थांब्यांवर गर्दी परतली. तो निर्णय मला तेव्हाही आवडला होता, आजही आवडतो. पण त्याच करारात आणखी एक शब्द दिला होता: स्वतःच्या ३,३३७ बसचा ताफा कायम ठेवायचा. आज स्वतःच्या बस हजाराच्या कितीतरी खाली आल्या आहेत. जुन्या बस वय झालं म्हणून भंगारात गेल्या आणि त्यांच्या जागी स्वतःच्या नव्या जवळजवळ आल्याच नाहीत. शेवटची डिझेल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली तेव्हा लोक तिला हार घालायला गेले होते. बाकीच्या बस गेल्या त्याची साधी चर्चाही झाली नाही.

मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं, वातानुकूलित बसचं १२. म्हणजे ज्या स्वस्त भाड्याच्या बदल्यात आपण हा बदल मान्य केला, ते भाडंही गेलं आणि बसही आपल्या राहिल्या नाहीत.

खासगी म्हटलं की वाईट, असं मी मानत नाही. या शहरात ट्राम आणली ती खासगी कंपनीने. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम, १९०७ मध्ये विजेची आणि १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली मोटारबस, हे सगळं कंपनीच्याच काळातलं. महापालिकेने ती कंपनी ताब्यात घेतली ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी. मला एवढंच म्हणायचंय की शहराच्या हातात स्वतःचं काहीतरी हवं. कंत्राटदार उद्या निघून गेला तर परवा सकाळी रस्त्यावर काढायला चार बस तरी असाव्यात. इतर शहरांतल्या लोकांनी आपापले अनुभव सांगावेत, म्हणून हा धागा.

---

अंकगणित | सोमवार, रात्री ११:०२

भावना समजली, पण थोडा हिशेब मांडतो.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाचा चांगल्या सेवेचा निकष आहे लाख लोकांमागे ६० बस. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्या जुन्या आकड्यावरही साधारण ७,४०० बस लागतात. बेस्टकडे सगळ्या मिळून, भाड्याच्या धरूनही, तीन हजार नाहीत. एवढी तूट भरून काढायला लागणारा पैसा एकरकमी कोण देणार? कंत्राटात तो पैसा कंत्राटदार उभा करतो आणि शहर तो दहा-बारा वर्षांत किलोमीटरच्या दराने फेडतं. घर विकत घेता येत नसेल तर माणूस भाड्याने राहतो, रस्त्यावर राहत नाही.

दुसरं असं की हे फक्त बेस्टने ठरवलेलं नाही. केंद्राच्या फेम-२ योजनेत इलेक्ट्रिक बससाठी अनुदान होतं, पण ते भाडेतत्त्वावर चालवायच्या बसला. २०२३ ची पीएम ई-बस सेवा योजना १०,००० बसची आहे, तीही खासगी भागीदारीतलीच. बस स्वतःच्या नावावर घ्यायची म्हटली तर त्या दारातून पैसा येतच नाही.

प्रवासी म्हणून मला वेळेवर, स्वच्छ, बसायला जागा असलेली बस हवी. चालकाचं कार्ड कोणाचं आहे याने मला काय फरक पडतो?

---

आगारकाका | मंगळवार, सकाळी ६:४०

मी ३१ वर्षं वाहक होतो. २०१७ ला निवृत्त झालो. पहिली बरीच वर्षं पत्र्याची पेटी, रंगीत तिकिटांचे गठ्ठे आणि पंच. नंतर मशीन आलं.

अंकगणित, फरक काय पडतो ते सांगतो. आमच्या वेळी चालक भरती झाला की थेट रस्त्यावर जात नसे. दिंडोशीच्या प्रशिक्षण केंद्रात शिकायचा, मग अनुभवी माणसाबरोबर मार्ग समजून घ्यायचा. मुंबईच्या पावसात कुठे पाणी भरतं, कुठल्या वळणावर हातगाड्या असतात, कुठल्या शाळेसमोर किती वाजता मुलं रस्ता ओलांडतात, हे पुस्तकात नसतं. ते वर्षानुवर्षं टिकलेल्या माणसाच्या अंगात असतं. माणूस टिकतो तो पगार, पेन्शन आणि सुट्टीची खात्री असल्यावर. कमी पगारावर चालक दर सहा महिन्यांनी बदलायला लागला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जातं.

डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला ३३२ नंबरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. माणसं गेली, चाळीसहून अधिक जखमी झाले. ती बस भाड्याची होती. चालकाला त्या प्रकारच्या बसचा पुरेसा सराव नव्हता अशा बातम्या तेव्हा आल्या. खटल्याबद्दल मी बोलणार नाही, ते न्यायालयाचं काम. पण एक प्रश्न मला झोपू देत नव्हता. साध्या गिअरच्या बसवरून इलेक्ट्रिक बसवर माणूस बसवायचा, तर तो तयार आहे यावर शेवटची सही कोणाची? पूर्वी याचं उत्तर एका शब्दात देता यायचं.

आणि घरभाड्याचं उदाहरण दिलंत म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने काम सोडलं आणि पावणेतीनशेच्या आसपास लहान बस एकदम बंद झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं, ते आठवडाभर चाललं. त्या पोरांची मागणी चुकीची नव्हती. एकाच आगारात, एकाच मार्गावर, एकाच ट्रॅफिकमध्ये दोन माणसं बस चालवतात आणि दोघांच्या पगारात एवढी तफावत, हे किती दिवस चालणार? संप आमच्या वेळीही व्हायचे. जानेवारी २०१९ चा नऊ दिवसांचा संप तर बेस्टच्या स्वतःच्या कामगारांचाच होता. पण तेव्हा बोलणी करायला समोर मालक होता. आता बेस्ट म्हणते कंत्राटदाराशी बोला, आणि कंत्राटदार म्हणतो दर वाढवून द्या.

---

मडगावकरीण | मंगळवार, दुपारी १:२०

तुमचं वाचून वाटलं, तुमच्याकडे निदान मार्ग आणि तिकीट तरी शहराच्या हातात आहे! आमच्या गोव्यात कदंब महामंडळ १९८० साली आलं, पण गावागावांतून फिरणाऱ्या बस बहुतेक खासगीच राहिल्या. मालकाच्या एक-दोन बस, चालक आणि कंडक्टर रोजंदारीवर, आणि दिवसाचा गल्ला हीच कमाई.

गल्ल्यावर बस चालली की काय होतं ते लहानपणापासून बघतेय. स्टँडवर बस भरेपर्यंत हलत नाही. भरली की अशी सुटते की पुढची बस गाठायची म्हणून मधल्या थांब्यावरची म्हातारी माणसं राहून जातात. संध्याकाळी गर्दी ओसरली की शेवटच्या फेऱ्या गायब, कारण रिकामी बस कोण पळवणार? शिकत असताना एका खासगी बसच्या दारात लटकून जाताना पडले होते, हनुवटीवर अजून टाके दिसतात. त्या कंडक्टरला मी कधी दोष दिला नाही. त्याला वीस तिकिटं जास्त फाडायची होती, नाहीतर घरी काय नेणार?

पण त्याच बसवाल्यांनी आमची शाळा-कॉलेजं चालवली, हेही खरं. वाड्यावाड्यांत महामंडळ पोहोचलं नव्हतं तिथे ते पोहोचले. कंडक्टरला प्रत्येकाचं घर माहीत असायचं, गॅसच्या नळीपासून औषधापर्यंत काहीही त्याच्याकडे द्यावं, घरी पोचायचं. म्हणून 'म्हजी बस' योजनेत या खासगी बस महामंडळाखाली आणून किलोमीटरमागे पैसे द्यायचं ठरलं तेव्हा मला बरं वाटलं. बस त्याचीच राहिली, पण गल्ल्यासाठीची शर्यत थांबायची शक्यता निर्माण झाली.

---

दिल्लीत_वीस_वर्षं | मंगळवार, दुपारी ३:०५

मडगावकरीण यांनी सांगितलं तेच दिल्लीत फार मोठ्या प्रमाणावर घडलं. १९९२ मध्ये खासगी 'रेडलाइन' आल्या. अपघात इतके झाले की नाव बदनाम झालं, मग रंग बदलून 'ब्लूलाइन' केल्या. अपघात काही थांबले नाहीत. २००७ मध्ये तर रोज पेपरात ब्लूलाइनखाली आलेल्या माणसाची बातमी असायची. रंग बदलून उपयोग नव्हता, कारण पैशाची रीत तीच राहिली: एका मार्गावर अनेक मालक आणि ज्याला प्रवासी सापडेल त्याची कमाई. नंतर त्या बस टप्प्याटप्प्याने हटवल्या आणि क्लस्टर पद्धत आणली. चालवणारा खासगीच, पण पैसे किलोमीटरचे, तिकीट सरकारचं. फरक डोळ्यांना दिसला.

तेव्हा खासगी की सरकारी यापेक्षा तिकिटाचा पैसा कोणाच्या खिशात जातो, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

---

ऑरेंजसिटी | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

नागपूरची गोष्ट थोडक्यात. आधी शहर बस एसटी चालवायची. २००७ च्या सुमारास सगळी सेवा एकाच खासगी कंपनीला दिली, स्टार बस म्हणून. पुढे कंपनी आणि महापालिका यांच्यात वाद झाले, थकबाकी, बसची अवस्था, सगळंच. शेवटी काही वर्षांपूर्वी महापालिकेने रचना बदलली. चालवायला एकाऐवजी वेगवेगळे ऑपरेटर, तिकीट आणि देखरेख वेगळ्या संस्थेकडे, आणि नाव 'आपली बस'.

आमच्याइथला धडा एवढाच की सगळ्या बस एकाच्या हातात देऊ नका. एकटा असला की तो म्हणेल ती पूर्व दिशा.

---

मँचेस्टरची_सई | बुधवार, पहाटे २:१०

इकडे हा वाद चाळीस वर्षं चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लंडन सोडून जवळजवळ सगळ्या ब्रिटनमधल्या बस खुल्या केल्या. कोणीही नोंदणी करावी, हवा तो मार्ग घ्यावा, हवं ते भाडं लावावं. स्पर्धेने सेवा सुधारेल असा विश्वास होता. शेफिल्डच्या बाजूला साउथ यॉर्कशायरमध्ये त्याआधी दहा वर्षं भाडी गोठवलेली होती, मुलांना २ पेनी पडायचे. तिथे भाडी कित्येक पटींनी वाढली. आमच्या शेजारच्या आजी अजून सांगतात, मँचेस्टरच्या ऑक्सफर्ड रोडवर एकामागे एक रिकाम्या बस लागायच्या आणि त्यांच्या डोंगराकडच्या गावात रविवारी एकही नसायची. एका कंपनीचा पास दुसऱ्या कंपनीच्या बसमध्ये चालायचा नाही.

लंडनमध्ये वेगळं झालं. तिथेही १९८५ पासून मार्ग निविदेने खासगी कंपन्यांकडे गेले आणि १९९४ मध्ये सरकारी बस कंपन्या विकल्या. म्हणजे बस चालवणाऱ्या सगळ्या कंपन्या खासगी. पण मार्ग, वेळापत्रक, भाडं, तिकीट, अगदी बसचा लाल रंगसुद्धा शहराने ठरवायचा. पुढच्या दशकांत लंडनची प्रवासीसंख्या वाढत गेली, बाकी ठिकाणी घसरली.

लंडनच्या करारातली एक गोष्ट मुंबईत कोणी वाचावी असं मला फार वाटतं. जिथे दर काही मिनिटांनी बस असते तिथे बस घड्याळाप्रमाणे आली का, हे ते बघत नाहीत. प्रवाशाला थांब्यावर ठरल्यापेक्षा किती जास्त वेळ उभं राहावं लागलं, ते मोजतात. कंपनीला मिळणारं बक्षीस आणि दंड त्यावर ठरतो. तीन बस एकत्र येऊन मग वीस मिनिटं एकही नाही, असं झालं तर किलोमीटर पूर्ण भरतात, पण दंड बसतो. नुसत्या किलोमीटरवर पैसे दिले तर कंत्राटदाराला थांब्यावर उभा असलेला माणूस दिसतच नाही.

मँचेस्टरने २०१७ च्या कायद्याचा आधार घेऊन लंडनसारखी पद्धत आणली. मोठ्या बस कंपन्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये बोल्टन आणि विगन भागात पहिल्या पिवळ्या बस आल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये सगळं महानगर एका जाळ्यात आलं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की शहराने बस आगारं ताब्यात घेतली. कंपनी बदलली तरी आगार शहराचं राहतं, त्यामुळे नवीन कंपनीलाही निविदा भरता येते. आणि काम एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं की चालकाची नोकरी, पगार आणि अटी त्याच्याबरोबर जातात. काकांनी सांगितलेलं ते 'ज्ञान' इथे कंत्राटाबरोबर संपत नाही.

---

अंकगणित | बुधवार, सकाळी ९:१५

सई, फार छान माहिती. पण तुम्हीच सांगताय की लंडन, मँचेस्टर दोन्हीकडे बस खासगी कंपन्याच चालवतात. मग माझाच मुद्दा सिद्ध होतो.

काका, चालकाच्या प्रशिक्षणाचं तुमचं म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करतो. प्रशिक्षण आणि परवानगी कंत्राटदारावर सोडायलाच नको. तो खर्च दरात धरा, पण सही बेस्टची असू द्या. पहिल्या प्रतिसादात मी हा भाग विचारात घेतला नव्हता.

---

चारकोपकर | बुधवार, रात्री ९:५०

अंकगणित, अर्धा मुद्दा सिद्ध होतो. बाकी अर्धा मला सईच्या आगारांत दिसतो.

बेस्टकडे आज सगळ्यात मोठी गोष्ट उरली आहे ती आगारांची जमीन. कुलाबा, वडाळा, आणिक, दिंडोशी, पोयसर, मागाठाणे, अशा जागा आता कोणत्याही सरकारला विकत घेता येणार नाहीत. आणि तूट वाढली की पहिलं लक्ष तिथेच जातं, आगारावर व्यापारी इमारत बांधून पैसे उभे करा म्हणून. काही आगारांत हे आधीच झालंय. बस भाड्याने घेता येते, मरोळ किंवा वांद्र्याला दहा एकर कोणी भाड्याने देणार नाही. आगार गेलं की बस रात्री लांब कुठेतरी उभी राहणार, सकाळी तिथून रिकामी पळत येणार, आणि त्या रिकाम्या किलोमीटरचेही पैसे आपणच भरणार.

दुसरं, तूट कशाला म्हणायचं? कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट वीज पुरवते. वर्षानुवर्षं विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरला जायचा. २००३ चा वीज कायदा आल्यानंतर तो आधार हळूहळू सुटला. तेव्हाच बसचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात कायमचा यायला हवा होता, जसा रस्त्यांचा, दिवाबत्तीचा येतो. उड्डाणपुलाला कोणी विचारत नाही की तुझं उत्पन्न किती. बसला मात्र दरवर्षी हात पसरायला लावतात, आणि हात पसरणाऱ्याला कंत्राटदाराशी घासाघीस करता येत नाही.

म्हणून मला वाटतं की भाड्याच्या बस असू देत, पण निम्म्या तरी बस बेस्टच्या हव्यात. आपली बस असली तरच आपल्याला कळतं की एक किलोमीटर चालवायला खरा खर्च किती येतो. नाहीतर कंत्राटदार सांगेल तो दर खरा मानावा लागणार. ऑरेंजसिटी म्हणतात तेच, पूर्व दिशा दुसरा कोणी ठरवणार.

---

सिंहगड_रोड | गुरुवार, सकाळी ११:३०

पुण्याचा अनुभव जोडतो. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली. आमच्याकडे स्वतःच्या आणि कंत्राटी, दोन्ही बस बरीच वर्षं शेजारी शेजारी धावतायत. त्यामुळे चारकोपकरांचा शेवटचा मुद्दा पटला. दोन्ही असल्या की तुलना करता येते. फक्त तुलनेचे आकडे लोकांसमोर यायला हवेत: मार्गागणिक रद्द फेऱ्या, रस्त्यात बंद पडलेल्या बस, किलोमीटरचा दर. दोन्ही प्रकारच्या बसचे, एकाच तक्त्यात.

---

आगारकाका | गुरुवार, संध्याकाळी ६:०५

सिंहगड रोड, हे आकडे असतात. प्रत्येक आगारात रोज लिहिले जातात. कोणती बस किती वाजता बाहेर पडली, कोणती आलीच नाही, चालक नाही म्हणून कोणती फेरी रद्द झाली, सगळी नोंद असते. थांब्यावर उभ्या माणसाला जे कळत नाही ते आगारातल्या वहीत असतं.

माहितीच्या अधिकारात 'सेवा कशी आहे' असं विचारू नका, मोघम उत्तर येईल. एक मार्ग, एक महिना घ्या. ठरलेल्या फेऱ्या किती, झालेल्या किती, न झालेल्यांचं कारण काय, आणि त्याबद्दल कंत्राटदाराकडून किती दंड कापला, एवढंच विचारा. दंडाचा प्रश्न विसरू नका.

---

चारकोपकर | गुरुवार, रात्री ८:४०

काका, अर्ज मी लिहिते. आमच्या भागातल्या एका मार्गापासून सुरुवात करते. मसुदा रविवारी इथे टाकेन. तुम्ही आगारातले शब्द तपासून द्या, म्हणजे समजलं नाही असं म्हणून कोणी परत पाठवणार नाही. अंकगणित, आलेल्या आकड्यांचा तक्ता तुम्ही कराल का?

---

अंकगणित | गुरुवार, रात्री ९:१०

करतो. फक्त मार्ग असा निवडा ज्यावर बेस्टच्या स्वतःच्या बसही अजून धावतात.